बोंडूचा मान

पणजी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. पणजीतल्या काजू महोत्सवावर तुझे दोन आक्षेप आहेत. खाण्यापिण्याचे असले महोत्सव म्हणजे शहराची हौस, डोंगरातल्या माणसाच्या पदरात त्यातून काही पडत नाही, हा पहिला. आणि सरकारी महामंडळाने भरवलेल्या महोत्सवात फेणीच्या दारूचे स्टॉल लागावेत हे बरं दिसत नाही, हा दुसरा. दोन्ही आक्षेप तळमळीतून आलेत, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या मते असा महोत्सव शहरात भरलाच पाहिजे, पण त्याला एक कसोटी लावायला हवी. जो माल एका दिवसात नासतो, त्याला आणि त्याचं सोनं करणाऱ्या हातांना तिथे मानाची जागा मिळते का? काजूपुरतं बोलायचं तर हा माल म्हणजे बोंडू, काजूच्या बीला जोडलेलं रसाळ फळ.

काजू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गर येतो. गराला वेगळ्या महोत्सवाची गरज नाही. बी वाळवून ठेवता येते, भाव आला की विकता येते, गर डब्यात भरून परदेशीही जातो. बोंडूचं नशीब उलटं आहे. वजनाला तो बीच्या कितीतरी पट भरतो, संत्र्यापेक्षा जास्त क जीवनसत्त्व बाळगतो, पण झाडावरून पडला की दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास सुटतो. पेटीत भरून दूरच्या बाजारात धाडावा तर वाटेतच त्याचा लगदा होतो. म्हणून तुमच्या सिंधुदुर्गात, जिथे वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या एकाहून एक सरस जाती काढल्या, तिथेही बी पिरगळून घेतात आणि बोंडू बहुतेक बागांत झाडाखाली कुजतो. म्हणजे झाडाने दिलेल्या फळातला वजनाने मोठा भाग आपण मातीत घालतो. गोव्यात तो सहसा वाया जात नाही, कारण इथे त्या नासण्यालाच कामाला लावणारी विद्या आहे.

ही विद्या जवळून समजून घेण्यासारखी आहे. फेणीसाठी बोंडू झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपसूक पडलेलाच वेचतात. कातळात कोरलेल्या उतरत्या कुंडीत, म्हणजे कोळमीत, तो पायांनी तुडवतात. आता बऱ्याच ठिकाणी यंत्राने चिरडतात. उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून, वेलीने आवळून, वर जड दगड ठेवला की रात्रभर थेंब थेंब निथळतो तो निरो. निरो ताजा असताना नुसता गोड रस असतो आणि तो त्याच दिवशी प्यावा लागतो. तुडवून काढलेला रस दोन-तीन दिवस आपोआप आंबतो. त्यात साखर नाही, खमीर नाही. मग भट्टीवर पहिल्या धारेचा हुर्राक निघतो, सौम्य आणि फळाचा वास जपणारा. तो पुन्हा आंबलेल्या रसाबरोबर चढवला की फेणी. फेणी वर्षानुवर्षं टिकते, हुर्राक मात्र हंगामापुरताच. म्हणजे बोंडू, निरो आणि हुर्राक या तिन्ही गोष्टी मार्च ते मे या दिवसांतच भेटणार, आणि भट्टीपासून फार लांब जाणार नाहीत. बाटली कुठेही पोचते. हे तिन्ही पोचत नाहीत. त्यांच्याकडे गिऱ्हाइकालाच यावं लागतं.

मग गिऱ्हाइकाने गावातच जावं, शहरात मांडव कशाला, असं तू म्हणशील. पण भट्टीवाल्याच्या दारी चार गाड्या आल्या म्हणून त्याला बाजार मिळत नाही. बाजार मिळतो तो दहा भट्ट्यांचा माल शेजारी शेजारी चाखून भाव करता येतो तिथे. पणजी 1843 मध्ये राजधानी झाली, तरी मांडवीकाठचं हे शहर आजूबाजूच्या गावांच्या मालावरच जगत आलं आहे. आणि हंगामाला धरून जत्रा भरवणं गोव्याला नवं नाही. पुरुमेंताचं फेस्त हा त्याचाच दाखला आहे. मे महिन्याच्या सुमारास मडगावात, म्हापशात लोक पावसाळ्याची बेगमी करतात: सुकी मासळी, सुक्या मिरच्या, आमसुलं, मातीची भांडी. त्या गर्दीत मौज असतेच, पण तिच्या मुळाशी गरज असते. कधी काय पिकतं आणि ते कोण आणतं, हे शहराला त्यातून कळतं. गोव्याच्या वन विकास महामंडळाने 2023 च्या एप्रिलमध्ये पणजीत पहिला काजू महोत्सव भरवला, तेव्हा महिना अगदी योग्य धरला होता. पर्यटकांच्या सोयीसाठी तो डिसेंबरात नेला, तर उरतील फक्त बाटल्या आणि डबे.

आता दारूचा प्रश्न. त्यावर पांघरूण घालणार नाही. दारूने घरं बसतात, गोव्यातही बसली आहेत, आणि महोत्सवाच्या नावाखाली दिवसभर फुकट पेले वाटले तर मी तुझ्याच बाजूने उभा राहीन. पण फेणी लपवली म्हणून पिणं थांबत नाही. भेसळ तेवढी फोफावते. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 मध्ये राज्याने तिला वारसा पेय ठरवलं. कागदावर मान मिळाला. पण खरी फेणी आणि वास घातलेलं स्पिरिट यांतला फरक पिणाऱ्यालाच कळत नसेल, तर त्या मानाची किंमत भट्टीवाल्याला कोण देणार? तो स्वस्त भेसळीशी भावात टक्कर देत राहील आणि त्याचा मुलगा भट्टी बंद करेल. फरक ओळखायला शिकवणं हे महोत्सवाचं काम आहे, आणि त्यासाठी घोटभर पुरतं. शिवाय बोंडू म्हणजे केवळ दारू नव्हे. सरबत, सिरप, ताजा निरो, मुरांबा यांचे स्टॉल फेणीच्या आधी, प्रवेशाशीच लागावेत, म्हणजे न पिणाऱ्या घरातली माणसंही हे फळ विकत घेतील.

तिसरा आक्षेप तू लिहिला नाहीस, पण तो सर्वांत अवघड वाटतो म्हणून मीच मांडतो. मांडवात कोळमी ठेवायची, दोन माणसांना बोंडू तुडवायला लावायचं, लोकांनी फोटो काढायचे आणि विक्री मात्र मोठ्या ब्रँडची व्हायची. हा कष्टाचा देखावाच नाही का? तसं झालं तर तो देखावाच ठरेल. भट्टीचं काम ऐन उन्हाळ्यात आगीपुढे उभं राहून करायचं असतं. त्याचं कौतुक करून कुणाचं पोट भरत नाही. माणसांनी कायम पायांनीच तुडवावं असा माझा हट्टही नाही. यंत्राने पाठ वाचत असेल तर यंत्र आणावं. जपायची आहे ती कृती, आणि तिचा दाम करणाऱ्याच्या हाती पडायला हवा. म्हणून आयोजकांकडे मागण्या ठोस हव्यात: स्टॉल वाटताना परवानाधारक लहान भट्टीवाल्यांना आणि बोंडू वेचणाऱ्या बायकांच्या गटांना पहिला हक्क, त्यांच्याकडून भाडं न घेणं, प्रत्येक बाटलीवर गावाचं आणि काढणाऱ्याचं नाव, आणि बोंडूचा त्या दिवसाचा भाव फळ्यावर लिहिलेला. हे झालं तर मोठ्या ब्रँडनीही यावं. माल शेवटी त्यांनाही इथूनच घ्यायचा आहे.

म्हणून माझं तुला सांगणं असं, की महोत्सव नको म्हणण्यापेक्षा तो कुणाचा असावा यावर भांडूया. सावंतवाडीत किंवा वेंगुर्ल्यात उद्या कुणी काजू महोत्सव काढला, तर संयोजकांना तू पहिला प्रश्न गराचा विचारू नकोस. बोंडूचं काय करणार, आणि त्याचे पैसे कुणाच्या हाती जाणार, हे विचार. उत्तर समाधानकारक असेल तर समितीवर स्वतः जा. तुझ्यासारखा हिशेबाला पक्का माणूस तिथे हवाच.

तुझा धाकटा भाऊ