खिडकीतला कप

आमच्या किचनमध्ये मग्जचं एक छोटं संस्थानच आहे. 'वर्ल्ड्स बेस्ट डॉटर' लिहिलेला (मीच मला घेतलेला), गोव्याहून आणलेला माशाच्या चित्राचा, कंपनीच्या अ‍ॅन्युअल डेला मिळालेला लोगोवाला आणि मॉलच्या सेलमधले निळे सहा. घरी कुणीही येवो, मैत्रीण, तिचा नवा बॉयफ्रेंड, वरच्या मजल्यावरच्या काकू, हाताला लागेल तो मग उचलायचा. इथे काही प्रोटोकॉल नाही.

आणि एक स्टीलचा कप. तो रॅकमध्ये नसतो. सिंकच्या वर, खिडकीच्या कट्ट्यावर, भांड्यांच्या साबणाशेजारी तो उपडा घातलेला असतो. तो मावशींचा.

बाणेरच्या या फ्लॅटमध्ये मी चार वर्षं राहतेय. आई वाईहून कायमची राहायला आली त्याच आठवड्यात तो कप कट्ट्यावर आला. रोज सकाळी त्याच खिडकीत उभी राहून मी कॉफी पिते, मोबाइल चाळते, हिंजवडीच्या ट्रॅफिकला शिव्या घालते. कप समोरच असतो. दिसत नव्हता असं म्हणायची सोय नाही. पण फ्रिजची घरघर आपण ऐकतो का, तसं काहीसं झालं होतं.

तो दिसायला लागला एका ऑफिस ट्रिपमुळे.

डिसेंबरात आमच्या टीमने रायगड केला. फुल धमाल. अर्धे पायऱ्यांनी, अर्धे (मी धरून) रोपवेने. परतताना गाडी महाडात शिरली, तेव्हा सगळ्यांना मिसळ हवी होती आणि नऊच्या आत पुण्यात पोचायचं होतं. आमच्या टीममधला टेस्टर, एरवी अतिशय शांत मुलगा, ड्रायव्हरला म्हणाला, "दादा, दहा मिनिटं चवदार तळ्यापाशी थांबवाल का?" गाडी थांबली. तो एकटाच उतरला. बाकीचे आत फोटो फॉरवर्ड करत बसले. मला काचेतून दिसलं, तो पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेला, ओंजळ भरली, तोंडाला लावल्यासारखं केलं आणि तिथेच उभा राहिला. दहाची पंधरा मिनिटं झाली. मी खिडकी उघडून ओरडले, "अरे चल ना, लेट होतंय!"

तो आला. सॉरी म्हणाला. माझ्या शेजारच्याच सीटवर बसला.

चवदार तळं शाळेत होतं हो आपल्याला. दोन मार्कांचा प्रश्न. सन लिहा, ठिकाण लिहा. मी लिहिलंही असणार, २० मार्च १९२७. घाट चढताना त्याला विचारलं, तू इथे आधी आला होतास? म्हणाला, दरवर्षी येतो, २० मार्चला, घरच्यांबरोबर. यंदा सुट्टी मिळाली नव्हती. कोणी दिली नव्हती, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. रिलीज मार्चमध्ये होता आणि लीव्ह अप्रूव्ह करणारी मीच.

मग पुढचे दोन तास तो बोलत होता आणि मी ऐकत होते. शाळेत न सांगितलेल्या गोष्टी. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या विहिरी, पाणवठे, शाळा, दवाखाने सगळ्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्येच मंजूर केला होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केलंही. कागदावर. प्रत्यक्षात तीन वर्षं एकाही अस्पृश्याला त्या पाण्याला हात लावता आला नाही. मुसलमान भरत होते, ख्रिश्चन भरत होते, जनावरं पीत होती. मार्च १९२७ च्या परिषदेला हजारो माणसं आली, तर त्यांच्यासाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. तळं तिथून चालत जाण्याच्या अंतरावर!

बाबासाहेब आणि त्यांच्यामागून बाकीचे पाणी प्यायले. त्यानंतर गावात अफवा उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि परिषदेच्या लोकांना जेवताना, परतताना गाठून मारलं गेलं. मग तळ्याची शुद्धी. एकशेआठ घागरी पाणी उपसून, पंचगव्य टाकून, मंत्र म्हणून. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला तळं खुलं करणारा ठरावच मागे घेतला. २५ डिसेंबरला पुन्हा परिषद भरवायची ठरली तर गावात जागा मिळेना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. मनुस्मृती जाळली ती त्याच दिवशी, आणि तो ठराव मांडला होता गंगाधर सहस्रबुद्धे या ब्राह्मण कार्यकर्त्याने. तोवर गावातली मंडळी कोर्टात गेली होती, तळं खासगी मालकीचं आहे म्हणून. हायकोर्टाने शेवटचा निकाल दिला १७ मार्च १९३७ ला. एका ओंजळीसाठी दहा वर्षं!

मला मारणाऱ्यांपेक्षा त्या तीन वर्षांचं जास्त वाटत राहिलं. १९२४ ते १९२७. तेव्हाच्या महाडात काठी न उचलणारे, चांगले वागणारे, पेपर वाचणारे पुष्कळ लोक असतील. ठराव झाला ना, मग झालं, असं म्हणून रोज तळ्यावरून जाणारे. आमच्यासारखे. काचेच्या आत बसलेले.

सोमवारी मला त्याला धड काहीतरी बोलायचं होतं. पण स्टेटस कॉल होता, मग अजून एक कॉल होता. शेवटी लीव्ह कॅलेंडर उघडून २० मार्चला त्याची रजा टाकली आणि त्याला चॅटवर कळवलं. त्याने थम्स अप पाठवला. एवढंच.

घरी मात्र मोठा सीन झाला. सकाळी मी मावशींचा चहा माशाच्या मगमध्ये ओतला. मावशी बघतच राहिल्या. "ताई, माझा कप कुठाय?"

"आजपासून यातच प्या ना."

"नको बाई. मागं एका घरी कप फुटला तर दोनशे कापले पगारातनं. स्टीलचा बरा, पडला तरी काय होत न्हाई."

म्हणजे मी क्रांती करायला निघाले होते आणि त्यांना दोनशे रुपयांची काळजी होती. "फुटला तर फुटला," म्हटलं. त्या ओट्याशी उभ्यानेच प्यायल्या, दोन्ही हातांनी मग घट्ट धरून. खुर्चीवर बसा म्हणायचं मला तेव्हा सुचलं नाही, खरंच सुचलं नाही.

मावशी गेल्यावर आई म्हणाली, "मी काय तिचा छळ करते का? दिवाळीला साडी देते, पगार कधी थकवला नाही. हे आपलं स्वच्छतेसाठी."

"आई, आपले सगळे मग मावशीच घासतात."

ती गप्प. भाजी निवडत बसली. मला वाटलं विषय संपला. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, "वाईला आजी अंगणातल्या बायकांना वरून पाणी ओतायची. त्या ओंजळ धरायच्या. आजीचा हात दुखायला लागला की तांब्या माझ्याकडे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. अंगावर उडू द्यायचं नाही, एवढंच लक्षात ठेवायचं."

मग अजून चार शेंगा मोडल्या आणि म्हणाली, "मोठी झाल्यावर महिन्याचे ते चार दिवस माझाही कप वेगळाच असायचा. परसदारी, कोनाड्यात. ॲल्युमिनियमचा. मला त्याचा इतका राग यायचा…"

वाक्य तिने पूर्ण केलं नाही. मीही केलं नाही.

स्टीलच्या कपात आता आई कढीपत्त्याच्या काड्या ठेवते. चहा मावशींना आईच देते, माशाच्या मगमध्येच. देताना जरा घाईत देते, पण देते. एकदा मी खुर्ची पुढे केली तर मावशी म्हणाल्या, "अजून तीन घरं हायेत ताई, बसले तर उठवायचं न्हाई."

चहा झाला की मावशी तो मग घासतात, नीट पुसतात आणि खिडकीच्या कट्ट्यावर साबणाशेजारी उपडा घालून जातात. संध्याकाळी ऑफिसातून आले की मी तो उचलून रॅकमध्ये ठेवते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खिडकीत असतो.