मायको सर्कलवर भेटलेली जर्मन

नाशकात काय मिळत नाही, असे कोणी विचारले की आम्ही नाशिककर लगेच बोटे मोजू लागतो. द्राक्षे आहेत, चिवडा आहे, मिसळ आहे, तांब्यापितळेची भांडी आहेत आणि पुण्य हवे असेल तर गोदावरी आहेच. परंतु गेल्या वर्षी मला एक अशी वस्तू शोधावी लागली, की जिचे दुकान मेन रोडवरही नाही आणि पंचवटीतही नाही. मला हवा होता जर्मन बोलणारा माणूस!

त्याचे असे झाले. माझी भाची नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा करून जर्मन शिकण्यासाठी निफाडहून आमच्याकडे राहायला आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाकाठी द्यायच्या व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचे जाहीर केले. तेव्हापासून जर्मन ही द्राक्षबागायतदारांच्या घरातलीही भाषा झाली आहे. मेहुण्यांनी कांद्याच्या पैशातून क्लासची फी भरली. उरलेल्या खर्चासाठी कर्ज काढले.

बी-टू या परीक्षेचे चार भाग असतात: वाचणे, ऐकणे, लिहिणे आणि बोलणे. पहिले तीन भाग पोरीने सोडवले. चौथ्यापाशी गाडी अडली. तिथे समोरच्या परीक्षार्थीशी वाद घालावा लागतो, आणि आमची भाची मराठीतसुद्धा कोणाशी वाद घालत नाही. क्लासमधल्या मैत्रिणींबरोबर सराव करावा, तर दुसऱ्या वाक्याला सगळ्या मराठीवर येतात. फोनवर परदेशी ओळखी करून देणारी साधने आहेत. तीही पाहिली. पहिल्याच गृहस्थाने व्याकरण सोडून फोटो मागितला आणि आमच्या सौभाग्यवतींनी ते दालन तात्काळ बंद केले.

मग आम्ही मामा-भाची रामकुंडावर गेलो. तिथे पिंडदान पाहत उभा असलेला एक उंच, गोरा प्रवासी दिसला. पोरीने धीर करून “गूटन टाग” म्हटले. तो इटालियन निघाला! त्याने आम्हाला हात जोडून “नमस्ते” केले आणि आम्हीही केले. दुसरे काय करणार?

जर्मन सापडली ती त्र्यंबक रोडला, मायको सर्कलवर. १९५१ साली स्थापन झालेल्या मायको कंपनीचे नाव २००८ साली बदलून बॉश झाले. पण चौकाला नवे नाव द्यायला नाशिककर काही तयार नाहीत. त्या बाजूला सकाळी फिरायला येणाऱ्यांत एक निवृत्त टूलमेकर काका आहेत. माझी अडचण ऐकून ते म्हणाले, “सर, मी सहा महिने श्टुटगार्टला होतो. पोरीला घेऊन या की घरी.”

काकांची जर्मन कारखान्यातली. पाने, स्क्रू, गेज यांची नावे खणखणीत आणि व्याकरण जवळजवळ नाहीच. शिवाय तिला श्टुटगार्टकडचा स्वाबियन हेल. “थोडेसे” याला पुस्तकात “बिसशेन” म्हणतात, काका म्हणतात “बिसले”. भाची बिचकली. पण मला हे फार मोलाचे वाटले. उद्या तिथल्या इस्पितळात खाटेवरची आजीबाई पुस्तकातले थोडेच बोलणार आहे?

या श्टुटगार्टच्या मुलखाचे आणि आपले नाते तसे जुने. १८५९ ते १८६६ या काळात पुण्यात संस्कृत शिकवणारे मार्टिन हाउग व्युर्टेंबर्गचेच. यज्ञविधी नुसते पोथीत वाचून त्यांचे समाधान होईना, म्हणून त्यांनी श्रोत्रिय ब्राह्मणांना गाठून ते विचारून घेतले. गुंथर सोन्थायमर तर जन्मले उल्मला. ते मराठी शिकले, धनगरांत जाऊन बसले, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवर जर्मन ग्रंथ लिहिला. त्यांना सरावासाठी माणसे शोधावी लागली, तशीच आम्हाला.

काकांना मोबदला विचारला, तेव्हा ते थोडे घुटमळले. त्यांचा मुलगा तिकडेच स्थायिक झालेला. नऊ वर्षांच्या नातवाला मराठी समजते, पण तोंडातून जर्मनच येते. “आजोबांशी बोल म्हटले की दोन मिनिटांत पळतो. पोरीने त्याला थोडे बोलते करावे.” झाले! दर रविवारी दुपारी, तिकडे सकाळ असताना, अर्धा तास जर्मन आणि अर्धा तास मराठी, असा करार ठरला.

पोरगा मास्तर म्हणून भयंकर कडक. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी! भाची चुकली की तो किंचाळतो. मग मी मध्ये पडलो. भाची जर्मन शिकली ती इंग्रजीच्या खांद्यावर बसून, आणि इथेच घोटाळा होता. “आपल्याकडे ‘ते पोरगं’ नाही का?” मी म्हटले. जर्मन माणूस पंचवीस म्हणताना “पाच आणि वीस” असेच म्हणतो; आपलाही पाच आधी, वीस मागून. “मीर इस्ट काल्ट” म्हणजे शब्दशः “मला थंड आहे”. इंग्रजीत थंडी वाजणारा “मी” असतो, आपल्याकडे आणि त्यांच्याकडे “मला”. “कारण” म्हणून वाक्य सुरू केले, की त्यांचे क्रियापदही निमूटपणे शेवटी जाऊन बसते. वीस वर्षे मी वर्गात विभक्ती शिकवतो आहे, पण चतुर्थीचे नाव काढल्यावर कोणाचा चेहरा उजळलेला प्रथमच पाहिला.

आता ती वाद घालू लागली आहे. परवा विषय होता, म्हाताऱ्या आईबापांना वृद्धाश्रमात ठेवावे की घरी. पोरगा म्हणाला, घरी. भाचीने, केवळ सरावासाठी, वृद्धाश्रमाची बाजू मांडली आणि चांगली मांडली. काका शेजारीच बसले होते. त्यांना सगळे कळत होते. शिकवणी संपल्यावर ती नेहमीप्रमाणे त्यांचा रक्तदाब पाहते. काकूंच्या इन्सुलिनची वेळही तिच्याच लक्षात असते. ती गेल्यावर हे कोण पाहणार, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. काकांनीच तो मोडून काढला. “तिकडे कोणाच्या तरी आईला बघेल ना ती,” असे म्हणून त्यांनी दंडावरचा पट्टा सोडला.

परीक्षा डिसेंबरात, पुण्याला आहे. मेहुण्यांचा दर आठवड्याला फोन येतो. ते परीक्षेचे विचारीत नाहीत, कांद्याचा भाव सांगतात. पोरग्याने मात्र गेल्या रविवारी स्वच्छ मराठीत विचारले, “ताई, तू येशील तेव्हा आजोबांना पण आणशील?” त्याला काय उत्तर द्यावे, हे भाचीला कोणत्याच भाषेत सुचले नाही. काका म्हणाले, “त्याला सांग, आधी चिवडा येईल.”