आखरीले हात कशाले लावला व्हता?

बाबांचा पेचकस माझ्या टेबलाच्या खणात असतो. दांडी लाकडी, हाताच्या घामानं काळी झालेली. पातं चपटं, टोकाला झिजलेलं. बाबा खामगावच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. जलंबहून खामगावला रेल्वेची फांदी आली १८७० साली, ती कापसासाठीच. त्या कापसावर जी घरं जगली, त्यांतलं एक आमचं.

लहानपणी मी बाबांचा डबा घेऊन जिनात जायची. हवेत तंतू तरंगत, एकीकडे सरकीचा ढीग, दुसरीकडे रुई, आणि शेजारच्याचं बोलणं कानी पडू नये असा धडधडाट. त्या धडधडाटात बाबा पेचकसाचं टोक बेअरिंगच्या टोपणावर टेकवायचे, दांडी कानाजवळच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. कोणतं बेअरिंग घरघरतंय, कोणतं कोरडं पडलंय, ते त्यांना तेवढ्यात कळायचं. नवा भाग बसवल्यावर यंत्र अडलं, तर मदतनिसाला त्यांचा एकच प्रश्न असे : "आखरीले हात कशाले लावला व्हता?" त्यात दरडावणी नसायची. शोध कुठून सुरू करायचा, एवढंच त्यांना हवं असायचं.

हा प्रश्न मला नीट समजला २००५च्या उन्हाळ्यात. कोर्टाजवळ माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान होतं. लग्नसराई, पत्रिकांची घाई, त्यात दिवसाचं लोडशेडिंग. पेंटियम फोर मशीन, रॅम १२८ एमबी. पत्रिकेवर गणपतीचं चित्र टाकलं की पान हलायला मिनिट लागायचं. म्हणून अकोल्याहून ५१२ एमबीची रॅम आणवली आणि रात्री दुकान बंद झाल्यावर बसवायला घेतली. बाबांनी जुना झाला म्हणून मला देऊन टाकलेला हाच पेचकस हातात होता.

कॅबिनेटचे स्क्रू काढले, जुन्या रॅमशेजारी नवी बसवली, बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा मात्र काळाच. आतून लांब बीप येऊ लागली. थांबायची, पुन्हा यायची. सकाळी तीन पत्रिका द्यायच्या होत्या आणि त्या सगळ्या त्याच हार्डडिस्कमध्ये. मी घाबरले. हार्डडिस्कची केबल काढून लावली, डिस्प्ले कार्ड उपसलं, एसएमपीएसच्या पिना एकेक करून खेचल्या आणि परत खोचल्या. आता पंखा फिरत होता, पण बीपही गेली होती.

उशीर झाला म्हणून बाबा न्यायला आले. त्यांनी आयुष्यात कम्प्युटरला हात लावला नव्हता. आधी त्यांनी भिंतीवरचं बटण बंद करायला आणि वायर काढायला लावली. मग स्टुलावर बसत म्हणाले, "आखरीले हात कशाले लावला व्हता तुनं?"

"नव्या रॅमले."

"मंग बाकीचं कायले खोललं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "आता आधी होतं तसं कर," ते म्हणाले, "आन् एका वेळी एकच."

नवी रॅम बाहेर काढली. मी एकेक वायर बोटानं चाचपत गेले. प्रोसेसरजवळची चार पिनांची चौकोनी वायर मोकळी लोंबत होती. घाबरून उपसताना मीच ती काढली होती. प्रोसेसरची वीज तिच्यातून येते. ती नसली तरी पंखे फिरतात, पण मशीन जागं होत नाही. ती लावली, भिंतीची वायर जोडली, बटण दाबलं. एक छोटी बीप आली आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

१९८१च्या पहिल्या आयबीएम पीसीपासून ही रीत आहे. मशीन सुरू होताना आधी स्वतःची तपासणी करतं. सगळं ठीक असेल तर एक छोटी बीप. पडद्यापर्यंत पोचताच आलं नाही, तर दुखणं बीपच्या भाषेत सांगतं. माझ्या मशीनमध्ये अवॉर्ड कंपनीचा बायोस होता. त्याच्या भाषेत पुन्हा पुन्हा येणारी लांब बीप म्हणजे रॅमची तक्रार. मशीन पहिल्याच मिनिटाला नेमकं बोट दाखवत होतं आणि मी ऐकायचं सोडून खोलत सुटले होते.

मग नव्या रॅमकडे वळलो. मशीन बंद करून भिंतीची वायर पुन्हा काढली. आमच्याकडच्या कोरड्या हवेत अंगावर वीज साचते, म्हणून आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात टेकवला. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर हलकेच फिरवलं, चुरा झटकला. खाच जुळवून दोन्ही टोकांवर अंगठे ठेवले आणि दाबलं. एक खिट्टी आपोआप मिटली, दुसरी तांदळाच्या दाण्याएवढी उघडी राहिली. पहिल्यांदाही असंच झालं असणार. बोर्ड मोडेल या भीतीनं माझा अंगठा अर्ध्यावर थांबला होता. आता सारखा जोर दिला. कट् असा आवाज झाला. बाबांनी मान डोलावली; तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. वायर जोडून बटण दाबलं आणि मोजणी ६४० एमबीवर येऊन थांबली.

बाबा आता नाहीत. मागच्या वर्षी शेगावला इंजिनिअरिंग शिकणारा माझा मुलगा सुट्टीत घरी आला आणि त्यानं आपल्या कम्प्युटरमध्ये डीडीआर-५ रॅम वाढवली. पडदा काळा. या मशीनमध्ये बीपचा स्पीकरही नाही. त्याचा हात केबलकडे गेला तसं मी विचारलं, "शेवटचा हात कशाला लावलास?"

"रॅमला."

"मग थांब जरा."

डीडीआर-५ नवी बसवली की पहिल्यांदा मशीन तिच्याशी आपला वेग आणि ताळमेळ जुळवून घेतं. त्याला कधी काही मिनिटंही लागतात आणि तोवर पडदा काळाच राहतो. आम्ही दोघं बोर्डावरच्या छोट्या दिव्याकडे बघत बसलो. चौथ्या मिनिटाला पडदा उजळला.

नवा भाग टाकल्यावर तुमचं मशीन सुरू झालं नाही, तर लगेच सगळं उपसू नका. थोडं थांबा, ते काय सांगतंय ते ऐका. तरीही उठलं नाही, तर वायर काढा, शेवटी जिथं हात लावला तिथूनच मागं फिरा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.