अब्बांची रजा, आमची रजा

आमच्या समाजात वसीयतीचं नाव काढलं की घरातल्या बायका तौबा तौबा करतात आणि विषय तिथंच संपतो. हिस्से शरियतनं ठरवूनच दिलेत, मग कागद कशाला, असा सगळ्यांचा समज. मौतीनंतरचं ठरलेलं आहे, हे खरं. पण मौतीच्या आधीच आठवण गेली तर? त्या उमरीचा उल्लेख कुरआनातही आहे.

अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त मास्तर. २०२३ साली डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचं सांगितलं, तेव्हा ते आम्हा तिघा भावांपेक्षा शांत होते. चिपळूणजवळच्या आमच्या घरी परतल्यावर म्हणाले, "हे घर तुमच्या आपाला द्यायचं. आत्ताच." आपा तलाकनंतर माहेरी आलेली. अम्मीचं शेवटपर्यंत तिनंच केलं, आता अब्बांचं करते. वारसाहक्कानं मात्र घराचे सात हिस्से. आम्हा भावांना दोन-दोन, तिला एक.

वकिलांनी एकेक वाट बंद करून दाखवली. वसीयत एक तृतीयांशापुरतीच, आणि तीही वारसाच्या नावे असेल तर मौतीनंतर बाकीच्या वारसांची संमती लागते. तोवर आमच्या बायकामुलांचं मन कसं असेल, कोण सांगणार? मुखत्यारपत्र तर देणाऱ्याचं भान गेलं की संपतं. १८७२ च्या करार कायद्यातच तसं आहे. म्हणजे ज्या दिवसासाठी करायचं, त्याच दिवशी निकामी. उरला हिबा. देणाऱ्यानं जाहीर करायचं, घेणाऱ्यानं कबूल करायचं, आणि ताबा द्यायचा. आजाराचं निदान झालं म्हणून हक्क जात नाही. त्या घडीला समज शाबूत हवी. म्हणून त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला घेतला आणि नात्याबाहेरचे साक्षीदार बोलावले.

"तुम्हा तिघांची रजा आहे ना?" अब्बांनी विचारलं. आम्ही हो म्हटलं. कुवेतचा धाकटाही फोनवरून हो म्हणाला. पाच मिनिटांनी पुन्हा तोच सवाल. असं चार वेळा झालं. वकिलांनी पेन खाली ठेवलं, आपासकट आम्हा सर्वांना बाहेर पाठवलं आणि साक्षीदारांसमोर त्यांनाच विचारलं: मालमत्ता काय, मुलं किती, घर दिल्यावर इतरांना काय उरेल? दाराआडून अब्बांचा आवाज आला, "साताचा हिशोब मला येतो. मास्तर होतो मी." मग सही झाली. मुलांना असं बाहेर काढणं हा नियमच असावा, असं आम्हांला वाटतं. अंथरुणावरच्या म्हाताऱ्याचा अंगठा घेतल्याच्या गोष्टी कोणत्या गावात नाहीत?

आपा त्याच घरात राहत असल्यानं अब्बांना बाहेर पडायची गरज नव्हती. तरी चाव्या तिच्या हाती दिल्या, घरपट्टी आणि विजेचं बिल तिच्या नावे केलं.

बँकेचं काम त्या मानानं सोपं, पण सही जुळते आहे तोवरच. ठेवींवर आपाचं नाव 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणून लावलं. नुसतं नॉमिनी करून भागत नाही. नॉमिनीचं काम मौतीनंतर सुरू होतं, आणि तो मालकही नसतो, पैसे वारसांपर्यंत पोचवणारा असतो. यातलं काहीच केलं नसतं, तर पुढं पालक नेमून घेण्यासाठी हायकोर्टाचे खेटे घालावे लागले असते.

कलमांची जमीन अब्बांनी मुद्दाम तशीच ठेवली. तिचे सात हिस्से रीतसर होतील, आणि त्यातला एक आपाचा.