थिएटरमधला वास

सत्तरच्या दशकात साताऱ्यातल्या लहान दवाखान्यांत भूल म्हणजे ईथर. तारेच्या मास्कवर गॉजच्या घड्या आणि त्यावर बाटलीतून थेंब थेंब. पेशंटला भूल चढायची, तसं उशाशी उभ्या असलेल्या आमचंही डोकं जड व्हायचं. ड्यूटी संपवून एसटीत बसलं की शेजारची बाई विचारायची, "दवाखान्यात असता काय हो?" साडीला लागलेला वासच सांगायचा.

पुढे सांगलीत आले. शेजारच्या मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली रुग्णालय उघडलं, तेव्हापासून ऑपरेशनसाठी लांबलांबची माणसं या भागात येतात, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. इथे भूल द्यायला बॉइल मशीन होतं, गोडसर वासाचं हॅलोथेन होतं. ईथरसारखी पेट घ्यायची भीती गेली, पण मशीनमधून सुटलेला गॅस खोलीतच राहायचा. धूळ नको म्हणून खिडक्या बंद, आणि एसी तीच हवा फिरवायचा. संध्याकाळी डोकं ठणकलं की मावशी आल्याचा चहा करायच्या. उभं राहून दमलो, अशी आम्ही समजूत घालायचो. दिवस गेलेल्या सिस्टरही ऑपरेशनची लिस्ट संपेपर्यंत तिथेच असायच्या. ती माणसं फार जिवाभावाची होती, आणि म्हणूनच आज त्यांची काळजी वाटते.

कारण 1967 सालीच रशियातल्या वैस्मान यांनी भूलतज्ज्ञांमधली डोकेदुखी, थकवा आणि गर्भपात नोंदवले होते. नंतरच्या अभ्यासांत धोका किती यावर वाद झाले, तरी 1977 साली अमेरिकेत मर्यादा सुचवली गेली: हवेच्या 10 लाख भागांत हॅलोथेनसारखे गॅस 2, नायट्रस ऑक्साइड 25. हॅलोथेनचा वास नाकाला कळेपर्यंत ही मर्यादा कितीतरी ओलांडलेली असते. आम्ही मात्र नाकावरच विसंबून होतो.

आता नव्या थिएटरमध्ये तासाला वीसेक वेळा हवा बदलते. वाया जाणारा गॅस नळीने इमारतीबाहेर जातो, भुलीचं सेव्होफ्लुरेन मोजकंच सोडतात, बरीच ऑपरेशनं कमरेत इंजेक्शन देऊन होतात. तरी लहान मुलाला मास्कने भूल देताना कडेने गॅस सुटतोच, आणि नळी नुसती लोंबकळत असेल तर नवं मशीनही जुन्यासारखंच.

म्हणून रुजू होणाऱ्या मुलींनी पगार, सुट्टी विचारतात तसंच विचारावं, "मशीनची नळी कुठे जाते? गरोदरपणी ड्यूटी बदलून मिळेल का?" नीट उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावं. आम्ही कधी विचारलंच नाही.