रिले का पडतो

दर्यापुरातल्या जिनिंगमध्ये पॅनलचं दार उघडलं की वायर नंतर दिसते, आधी रुई दिसते. दाराच्या जाळीवर, कॉन्टॅक्टरच्या डोक्यावर, बसबारच्या मागे. दिसायला मऊ, पण हीच रुई पॅनलची उष्णता आत कोंडते. एखाद्या ढिल्या जोडावर ठिणगी उडाली तर पहिली हीच पेटते. आणि बाहेर कापसाच्या गंजी असतात, गंजींजवळ माणसं.

मी अशा पॅनलची देखभाल करतो. हंगामाआधी एकदा सगळं बंद करून, मग हंगामात अधूनमधून चालू लोडवर. या कामात सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य एकच: “भाऊ, रिले थोडा वाढवून द्या न.”

ओव्हरलोड रिलेवर एक छोटी चकती असते. मोटरने किती करंट घेतला की बंद पाडायचं, ते ती ठरवते. २० अश्वशक्तीची मोटर पूर्ण लोडला साधारण २७ अँपिअर घेते. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले वाइंडिंगच्या वाटेत बसवलेला असेल, तर त्याची सेटिंग याच्या ५८ टक्के, म्हणजे १५-१६ अँपिअर. चकती थेट २७ वर नेली की ट्रिपिंग थांबतं. मोटर जळेपर्यंत थांबतं.

एका डिसेंबरात एका जिनिंगमधून फोन आला. सक्शन फॅनचा रिले दर अर्ध्या तासाला पडत होता. मॅनेजर म्हणाले, “बाहेर गाड्याईची लाइन लागली हाय. आता कायले मोटर खोलता?” मोटर खोलायची नव्हतीच. क्लॅम्प मीटर लावला. तीन फेजचे आकडे: ३०, २९, २४. मोटर खराब असती तरी असे आकडे येऊ शकतात, म्हणून आधी व्होल्टेज मोजलं. पॅनलमध्ये येताना तिन्ही फेज सारखे, मेन कॉन्टॅक्टरमधून बाहेर पडताना एक कमी. म्हणजे दुखणं तिथंच होतं.

सप्लाय बंद केला, स्विचला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. टेस्टर आधी चालू जागी तपासला, मग इथे लावला, मग पुन्हा चालू जागी. मधेच टेस्टर बिघडला तर मेलेली वायर आणि जिवंत वायर सारखीच दिसते. कॉन्टॅक्टर खोलला तर एक पोल काळा पडून खड्डे पडलेला, शेजारच्या लगचं इन्सुलेशन तपकिरी, कडक. नवा कॉन्टॅक्टर आणि नवा लग बसवून मोटर सुरू केली: २५, २५, २६. चकती होती तिथंच राहिली.

रिले वाढवला असता तर गाड्या तेव्हाही खाली झाल्या असत्या. फक्त तो लग दिवसेंदिवस तापत राहिला असता. ढिल्या जोडाचा रेझिस्टन्स वाढतो, त्याने उष्णता वाढते, उष्णतेने जोड आणखी खराब होतो. आणि वर रुई.

म्हणून हंगामाआधीचं काम मी घाईत करत नाही. रुई व्हॅक्यूमने ओढून काढायची. हवेचा फवारा मारला की ती कॉन्टॅक्टरच्या आत शिरते. कपॅसिटर डिस्चार्ज झालाय हे मोजून बघायचं, सप्लाय बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो. मग नटबोल्ट कसायचे, ५०० व्होल्टच्या मेगरने मोटरचं इन्सुलेशन मोजायचं. अर्थिंगही दरवर्षी तपासायचं. आपला तालुका खारपाणपट्ट्यातला. खारी ओली माती करंट सहज वाहून नेते, म्हणून रीडिंग छान येतं. पण तीच माती लोखंडी पट्टी आणि तिचे जोड खाऊन टाकते. छान रीडिंग बघून खड्डा न उघडणं इथे परवडत नाही.

सगळे आकडे वहीत जातात. मेगरवर २० मेगाओहम आलं तर मोटर ठीक आहे. पण गेल्या वर्षी १०० आणि त्याआधी २०० असेल, तर ती पुढच्या पावसाळ्यात दगा देईल अशी शंका घ्यायला हवी. हे एकट्या आकड्यावरून कळत नाही.

खंडेनवमीला पॅनललाही हळदकुंकू लागतं, झेंडूचा हार चढतो. मी मालकांना एवढंच सांगतो: हार हँडलला घाला, हवेच्या जाळीवर नको. आणि हंगामात रिले पडला, तर चकतीला हात लावण्याआधी तिन्ही फेजचा करंट मोजा.