गगनबावड्याचा पावसाळा आणि नाइकांचा वाडा

कोल्हापूर सोडून पश्चिमेस निघाले म्हणजे रंकाळा मागे पडतो, बालिंग्याजवळ भोगावती ओलांडावी लागते आणि कळ्यापासून साळवणपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा उसाचे फड सोबत करितात. साळवण मागे टाकले की ऊस विरळ होत जातो, भाताची खाचरे दिसू लागतात आणि वारा अंगास झोंबू लागतो. कोल्हापुरापासून सुमारे ५५ किलोमीटरांवर देशावरची जमीन एकाएकी संपते. त्या काठावर जे गाव बसले आहे, तेच गगनबावडा. येथून पुढे दोनच वाटा आहेत. एक करूळ घाटाने वैभववाडीस उतरते आणि दुसरी भुईबावडा घाटाने खारेपाटणाच्या बाजूस जाते. दोन्ही वाटा कोकणात जातात.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त या गावी राहत असता २०१६ साली आम्ही उभयतांनी एक सबंध पावसाळा तेथे काढला. शाळेची घंटा नुकतीच कायमची सुटली होती. कोठेही वेळेवर पोहोचावयाचे नव्हते. येथला पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांस तो शब्दांनी समजावणे कठीण आहे. तो वरून खाली पडतो असे म्हणण्यापेक्षा दरीतून वर येतो, असे म्हणणे अधिक खरे होईल. कोकणातून चढणारे ढग घाटमाथ्यावर अडतात आणि दार उघडे दिसल्यास थेट घरात शिरतात. वाळत घातलेले कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, मिठाच्या बरणीत पाणी सुटते, पोथीच्या पानांस बुरशी धरते. दुपारी दोन वाजता दिवा लावून वाचावे लागते.

गावाच्या माथ्यावर गगनगड आहे. हा मुलूख कोल्हापूर दरबारच्या पंत अमात्यांच्या जहागिरीचा. आज्ञापत्रासारखा ग्रंथ ज्यांच्या नावावर आहे, त्या रामचंद्रपंतांचे घराणे ‘बावडेकर’ म्हणविते ते याच बावड्यावरून. पुढे नाथपंथी गगनगिरी महाराजांच्या तपश्चर्येने हा गड भाविकांच्या तोंडी झाला. महाराज २००८ साली समाधिस्थ झाले. त्यांच्या मठात आजही लांबलांबून माणसे येतात. जवळच पळसंब्याच्या ओढ्यात एकेका अखंड पाषाणातून कोरलेली रामलिंगाची देवळे आहेत. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी त्यांच्या सभोवार धावत असते, आणि ते पाहताना कोरणाऱ्यांच्या धैर्याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

परंतु या लेखाचा विषय गडही नव्हे आणि देवळेही नव्हेत. त्या पावसाळ्यात रात्री साडेदहा वाजता आमच्या घरी जे घडत असे, ते आम्हांस सांगावयाचे आहे.

झी मराठी वाहिनीवर २२ फेब्रुवारी २०१६ पासून ‘रात्रीस खेळ चाले’ या नावाची एक मालिका सुरू झाली होती. सिंधुदुर्गातील नाइकांचा जुना वाडा. वाड्याचे कर्ते पुरुष अण्णा नाईक आरंभीच वारतात, मुंबईकर मुलगा-सून गावी येतात, आणि मग वाड्यात एकामागून एक अशा गोष्टी घडू लागतात की, हे कृत्य माणसाचे की भुताचे, याचा उलगडा होऊ नये. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरी गावी झाले. करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे, कणकवली, कुडाळ असे गेले की आकेरी येते. म्हणजे ज्या प्रदेशाची भीती आम्ही पडद्यावर पाहत होतो, तो आमच्या खिडकीखालीच धुक्यात बुडालेला होता.

प्रथम आम्ही या प्रकाराकडे पाठ फिरवून बसत असू. आयुष्यभर मुलांस संस्कृत शिकविले. भूतपिशाचांत रस घ्यावयाचे हे वय नव्हे, असे आम्हांस वाटे. परंतु भिंतीकडे तोंड केले तरी कान उघडेच राहतात. चार दिवसांत आमची खुर्ची अर्धी वळली, आठव्या दिवशी पूर्ण वळली, आणि पंधराव्या दिवशी जेवणे लवकर आटोपा म्हणून सूनबाईंस सांगणारे आम्हीच होतो. घरातील मंडळींनी याबद्दल आमची यथेच्छ थट्टा केली, तीही आम्ही मुकाट्याने सोसली.

मग आम्ही आमच्या समाधानासाठी शास्त्राधार काढला. भरतमुनींनी नाट्यातील आठ रसांत भयानकाची गणना केली आहे; त्याचा वर्ण काळा व देवता काळ, असेही सांगितले आहे. अभिनवगुप्ताने या रसाचे उदाहरण शोधताना स्मशानात न जाता शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील हरिणाकडे बोट दाखविले. दुष्यंताच्या बाणापुढे मागे वळून पाहत पळणारे ते हरिण आपण पाहतो. भीती हरिणास आहे, आपणांस नाही. तरीही ती आपल्या मनात उमटते, आणि ती कोणा एकाची न राहता सर्वांची होते, म्हणूनच तिचा आस्वाद घेता येतो. पांघरुणातून एक डोळा बाहेर काढून पडद्याकडे पाहणारी आमची पाच वर्षांची नात हे सारे शास्त्र न शिकताच जाणत होती.

मालिकेचे गुण सांगावयाचे तर पहिला गुण भाषेचा. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ नाटकाने १९८० साली मालवणी बोली रंगभूमीवर गाजविली, ती हास्यासाठी. तेव्हापासून मालवणी ऐकली की घाटावरचा माणूस हसावयास तयार होतो. या मालिकेने तीच बोली भयासाठी वापरली. घरगडी पांडूच्या विसराळूपणास आपण हसतो, आणि हसता हसता याने विसरले ते नेमके काय, या शंकेने गप्प होतो. दुसरा गुण असा की, भूत क्वचितच दिसते. दिसतात ती माणसे : रात्रभर जागणारी माई, हिशेब करणारा दत्ता, प्रत्येक गोष्टीचे शास्त्रीय कारण शोधणारी नीलिमा.

दोषही थोडे नव्हते. एक दार उघडावयास अर्धा भाग खर्ची पडे. कोणी एक वाक्य बोलला की घरातील सर्वांची तोंडे पाळीपाळीने दाखविली जात. शिवाय या मालिकेने कोकणाची बदनामी होते व अंधश्रद्धा वाढते, असा आक्षेप त्या काळी पुष्कळांनी घेतला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झालेल्या राज्यात हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नव्हता. आरवलीच्या वेतोबास भल्यामोठ्या चपला व केळीचे घड वाहणारा कोकणी माणूस त्यास आपला रखवालदार मानतो, भिववणारे भूत नव्हे. हा भेद मुंबईच्या प्रेक्षकास कळला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

जुलैच्या अखेरीस आमची वडील भगिनी अक्का कोकणातून वर आली. आमचे मूळ घर करूळ घाटाखालच्या एका खेड्यात आहे. भावजी वारल्यापासून अक्का मुंबईस मुलाच्या दोन खोल्यांत राही आणि वर्षातून एकदा माहेरची कौले पाहावयास म्हणून गावी येई. त्या खेपेस आमसुले, फणसाची साटे व सुकविलेल्या आठळ्या यांची पिशवी घेऊन ती एस्टीतून उतरली. मालिका ती मुंबईस पाहतच होती. तेव्हा आमच्या मंडळीत एक जाणकार वाढला.

२ ऑगस्ट रोजी आषाढी अमावास्या होती. दिव्यांची अवस म्हणून सूनबाईंनी समया घासून पुसून पाटावर मांडल्या, कणकेचे दिवे केले. बाहेर पावसाने नुसते थैमान मांडले होते. रात्री मालिका सुरू झाली तोच छपरावरील छत्रीस संदेश मिळेनासा झाला आणि चित्र थिजले; पाठोपाठ वीजही गेली. पाटावर एक समई तेवढी तेवत राहिली. नात आजीच्या कुशीत शिरली. वेळ जावा म्हणून चिरंजीव म्हणाले, “वाड्यात खरेच भूत असेल, की कोणी माणूस करीत असेल हे सारे?”

प्रत्येकाने आपापला तर्क सांगितला. अक्का मात्र वातीस तेल घालीत होती. ती म्हणाली, “भूत आहे की नाही ते मला ठाऊक नाही रे नाना. पण माईचे एक बरे आहे. एवढे सगळे झाले तरी, तू आता या घरातली नव्हेस, असे तिला कोणी म्हणत नाही.”

ती सहज बोलली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. परंतु आमच्या छातीत जे धस्स झाले, ते मालिकेच्या कोणत्याही भागाने झाले नव्हते.

त्याचे कारण वाचकांस सांगितले पाहिजे. २००४ साली आमचे वडील वारले. आम्ही तिघे भाऊ. क्रियाकर्म आटोपल्यावर वाटणीची बोलणी झाली, आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणीचे हक्कसोडपत्र करून घ्यावयाचे ठरले. तसे ते सगळीकडेच करून घेतात, असे आम्ही मनास समजाविले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी बापाची वारस ठरलीच होती. पुढे २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही तिला मुलाच्या बरोबरीचे स्थान मिळाले. आम्हांस हे कळत नव्हते असे नाही. कागद पुढे ठेवला तेव्हा अक्काने तो वाचलासुद्धा नाही; “सही कोठे करू?” एवढेच विचारले. त्यानंतर ती माहेरी आली की कोणती खोली उघडू, म्हणून भावजयांस विचारीत असे. बारा वर्षांत या गोष्टीचा उच्चार आम्हां कोणाकडूनही झाला नव्हता. नाइकांच्या वाड्यात अण्णांच्या मागल्या आयुष्यातील झाकून ठेविलेल्या गोष्टी रोज बाहेर पडत, आणि आम्ही मान हलवून म्हणत असू की, पाप असे वर येतेच. आमच्या घराचा विचार मनात येत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज आली ती दुःखद वार्ता घेऊनच. रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील इंग्रजांच्या काळचा पूल वाहून गेला होता, आणि त्याबरोबर दोन एस्टी गाड्या माणसांसह पुरात गेल्या होत्या. अक्का त्याच महामार्गाने मुंबईहून आली होती. ती देवापुढे बराच वेळ बसून राहिली. त्या आठवड्यात आमच्या घरी मालिका कोणीच लावली नाही. पुलावर गाडी घालताना पुढे पूल नाही, हे ठाऊक नसणे, ही भीती निराळ्या जातीची असते; तिचा आस्वाद घेता येत नाही.

चार दिवसांनी पाऊस किंचित उघडला तेव्हा आम्ही दोघे भावंडे करूळ घाटाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिलो. धुके वर सरकले आणि खालचे कोकण दिसू लागले : हिरवी खाचरे, लाल वाट, मध्येच एखादे कौलारू छप्पर. अक्का बोट करून म्हणाली, “आपले घर त्या टेकाडाआड.” आपले, असा शब्द तिने वापरला. त्यावर आम्ही म्हणालो, “अक्का, तो कागद करून घेतला ते आमचे चुकले.” ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तुला बारा वर्षांनी आठवले. मी म्हटले होते, कोणालाच आठवत नसेल.” पुन्हा धुके आले आणि आम्ही परतलो.

मालिकेचे ते पर्व २२ ऑक्टोबर २०१६ रोजी संपले. शेवट आमच्या मनास पुरता पटला नाही; आठ महिने सावकाश विणलेले जाळे चार दिवसांत उसवल्यासारखे वाटले. पुढे २०१९ साली दुसरे पर्व आले. त्यात कथा मागे जाऊन जिवंतपणीचे अण्णा दाखविले, आणि माधव अभ्यंकरांनी ती भूमिका अशी वठविली की, मेलेल्या अण्णांपेक्षा जिवंत अण्णांचेच भय अधिक वाटावे. तिसरे पर्व २०२१ साली सुरू झाले. तीनही पर्वे आम्ही पाहिली; तथापि गगनबावड्याच्या समईच्या उजेडात अर्धवट राहिलेल्या त्या भागाएवढे दुसरे काही आमच्या स्मरणात राहिले नाही.

त्या भाऊबिजेस आम्ही दोघा भावांपुढे विषय काढला. धाकट्याने मान डोलाविली. मधल्यास राग आला, आणि ‘टीव्ही पाहून घरे मोडतात ती अशी’ असे बोलून तो उठला. शेवटी २०१७ च्या वैशाखात आमच्या वाट्यास आलेली माजघराशेजारची खोली, तिच्यापुढील पडवी व परसातील फणस एवढे आम्ही अक्काच्या नावे बक्षीसपत्राने करून दिले. मूळच्या वाट्याशी ताडून पाहता हे थोडेच आहे, याची आम्हांस जाणीव आहे. मधला भाऊ त्यानंतर दोन वर्षे आमच्या घरी आला नाही.

अक्काने आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. चैत्रात ती गावी जाते, आपल्या किल्लीने आपली खोली उघडते आणि पावसाच्या तोंडावर करूळ घाटाने वर येऊन मुंबईस परतण्यापूर्वी आठ दिवस आमच्याकडे राहते. परवा आमच्या नातीने तिला विचारले, “आत्याआजी, त्या घरात तुला एकटीला रात्री भीती नाही वाटत?” अक्का हसून म्हणाली, “पूर्वी वाटायची हो. आता नाही वाटत.”